आपत्कालीन साठ्यात शिजवण्याचा हिशेबही हवा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपत्तीसाठी घरात काय साठवावे याच्या याद्या वरचेवर छापून येतात. टॉर्च, बॅटऱ्या, औषधे, पाणी आणि अगदी शेवटी ‘कोरडे खाद्यपदार्थ’ असे दोन शब्द. त्या दोन शब्दांविषयीच लिहायचे आहे, कारण बिस्किटांवर एक दिवस निघतो. तिसऱ्या दिवशी मात्र घरातल्या वृद्धांना आणि मुलांना ती घशाखाली उतरत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्याकडे सलग तीन दिवस वीज नव्हती आणि बाहेर पडणेही शक्य नव्हते. धान्य भरपूर होते, गॅस मात्र संपत आला होता. पहिल्याच संध्याकाळी मी पौष्टिक म्हणून राजमा काढला आणि न भिजवताच साध्या पातेल्यात शिजत लावला. सव्वा तास गॅस जाळूनही दाणा बोटाने दबेना. साठा करताना किलो मोजले होते. तो शिजवायला लागणारे पाणी आणि इंधन मोजलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मसूर डाळ आणि तांदूळ घेतले. मसूर डाळ भिजवावी लागत नाही, शिवाय लवकर शिजते. दहा मिनिटे खळखळून उकळल्यावर घट्ट झाकण लावून पातेले दोन जाड ब्लँकेटांत गुंडाळून ठेवले. तासाभराने उघडले, तर आतले अन्न मऊसूत शिजलेले आणि हात पोळेल इतके गरम. वरून तेलात तांबूस परतलेला कांदा-लसूण घातला, त्या वासानेच मंडळी न बोलावता येऊन बसली.

गुंडाळून शिजवण्याची ही रीत राजम्याला मात्र लावू नये. कच्च्या राजम्यातले लेक्टिन हे विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही, उलट अर्धवट शिजलेला राजमा अधिक बाधतो. तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळून उकळावाच लागतो. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असल्याने अशा वेळी तोच बरा. डबा फुगलेला मात्र नसावा आणि तो हाताने उघडण्याचे साधन घरात असावे, जे नेमके नसते.

उरलेल्या भाताचाही मोह टाळावा. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि भात कोमट राहिला की वाढू लागतात. म्हणून फ्रिज बंद असताना एका वेळी संपेल एवढेच शिजवावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच पेटवू नये, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

आपल्या पुढच्या यादीत प्रत्येक जिन्नसापुढे ‘पाणी किती’ आणि ‘आच किती मिनिटे’ असे दोन रकाने द्यावेत, ही विनंती. वाचकांनीही महिन्यातून एकदा, वीज-गॅस सुरळीत असतानाच, केवळ साठ्यातल्या जिनसांवर एक जेवण करून पाहावे. त्यातून जुना माल संपतो आणि घरच्यांना काय मुळीच आवडत नाही तेही कळते. आमच्याकडे ओट्सची चार पाकिटे अशीच मुदत उलटेपर्यंत पडून होती.

आपली,
एक वाचक