वायर जोडली, मशीन मात्र लॉक: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: अनुदानावर दिल्या जाणाऱ्या ऊस तोडणी यंत्रांचे सॉफ्टवेअर व त्यापायी होणारे नुकसान.

महोदय,

स. न. वि. वि.

मी शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक. थोडी शेती आहे आणि डोक्यावर एका हार्वेस्टरचं कर्ज आहे. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव असल्यामुळं पाल्हाळ लावत नाही. काल बँकेची नोटीस आली. मशीनचा हप्ता थकला आहे आणि मुदतीत भरला नाही तर पुढची कारवाई करू, असं तीत लिहिलं आहे. हप्ता थकला, कारण ऐन हंगामात मशीन फडात उभी राहिली. ती उभी राहिली एका वायरीपायी. ती वायर तर त्याच दिवशी जोडून झाली होती. तरीही मशीन हलली नाही. हे कसं, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

आपल्या खात्याला कल्पना असेलच, की मशीननं तोडलेला ऊस कांड्या होऊन पडतो आणि अख्ख्या मोळीपेक्षा तो लवकर बिघडतो. म्हणून मशीन एकदा फडात शिरली की थांबून चालत नाही. शेतकऱ्यानं तोडीसाठी आधीच पाणी तोडलेलं असतं, स्लिप बॉयनं (कारखान्याच्या तोड-चिठ्ठीवाल्यानं) पाळी लावलेली असते, ट्रॉल्या रांगेत असतात. अशा वेळी आमच्या मशीनच्या स्क्रीनवर पिवळा दिवा लागला, खाली इंग्रजीत एक कोड आला आणि इंजिनचा आवाज बसला. रेस घेईना, कटर उचलेना. ऑपरेटरनं सगळ्यांना माहीत असलेला उपाय केला, म्हणजे बंद करून परत चालू. कोड तिथंच.

हेल्पलाइनवर हिंदीत एका मुलीनं फार गोड आवाजात तक्रार क्रमांक दिला. डीलर म्हणाला, इंजिनिअर कर्नाटकात गेलाय, लॅपटॉप त्याच्याकडंच आहे. एवढ्या मोठ्या मुलखाला एक इंजिनिअर आणि एक लॅपटॉप! यंत्र विकताना मात्र तीन-तीन साहेब घरी जेवायला होते.

शेवटी कोल्हापुरातनं, उद्यमनगरातनं, एक ओळखीचा वायरमन बोलावला. त्यानं खाली झोपून बॅटरी मारली आणि सेन्सरची वायर पट्टीला घासून तुटलेली शोधून काढली. सोल्डर मारला, स्लीव्ह चढवली, मीटर लावून रीडिंग बरोबर आल्याचं मला दाखवलं. त्यानं घेतलेल्या पैशात शहरात धड दोघांचं जेवण होत नाही. आम्हाला वाटलं, सुटलो. पण मशीनचं म्हणणं वेगळं होतं. बिघाड दुरुस्त झाला हे तिला पटायला कंपनीचा लॅपटॉप लागतो, लॅपटॉपला कंपनीचा डोंगल लागतो, डोंगलला पासवर्ड लागतो आणि पासवर्डला इंटरनेट. आमच्या मळीच्या (नदीकाठच्या) रानात फोनवर बोलायचं तर बांधावर चढावं लागतं.

पुढं इंजिनिअर उगवला. बिचारा पोरगा चांगला होता, त्याच्यावर माझा राग नाही. म्हणाला, व्हर्जन जुनं झालंय, अपडेट मारल्याशिवाय कोड पुसता येणार नाही. अपडेट मारला. जुना कोड गेला आणि नवा आला: सीटवर ऑपरेटर नाही. महोदय, आमचा ऑपरेटर तालमीत घाम गाळलेला गडी आहे. तो सीटवर बसल्यावर स्प्रिंग कुरकुरते. आणि संगणक म्हणतो, सीट रिकामी! तो उठून परत बसला, जोरात आपटून बसला, इंजिनिअर त्याच्या मांडीवर बसायचा तेवढा राहिला. मग कळलं, की यासाठी वरच्या ऑफिसातून परवानगीची फाइल यावी लागते आणि वरच्या ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी असते.

तोवर कारखान्यानं पाळी दुसऱ्या मशीनला दिली. ट्रॉलीत भरलेल्या कांड्यांना आंबूस वास सुटला होता. पलीकडच्या रानातल्या आडसालीला (पावसाळ्यात लावलेल्या उसाला) तुरे आलेले, म्हणजे वजन घटायला लागलेलं. त्या रानाचा मालक माझा चुलतभाऊ लागतो, तो आता माझ्याशी बोलत नाही. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) मिळत नाही म्हणून म्हशीवाले आधीच मशीनवर नाराज, त्यांनी गल्लीत माझं नाव काय ठेवलंय ते इथं लिहीत नाही. ऑपरेटरला पगार द्यायचा, इनफिल्डरच्या (मशीनचा ऊस झेलून नेणाऱ्या गाडीच्या) भाड्याचे पैसे द्यायचे, आणि घरात आई रोज विचारणार, “झाली का रं चालू?” आपल्या घरी असा प्रश्न कुणी विचारत नसेल.

आता मूळ मुद्दा. मी ही मशीन हौसेनं घेतली नाही. ऊसतोड मजुरांचा टोळीवाला उचल (आगाऊ पैसे) घेऊन गेला आणि आलाच नाही, हे आमच्याकडं नवीन नाही. सरकार म्हणालं, यांत्रिकीकरण करा. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून 2022-23 आणि 2023-24 साठी राज्यात 900 ऊस तोडणी यंत्रांना अनुदान जाहीर झालं: किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख, यात कमी असेल ते. 900 गुणिले 35 लाख म्हणजे जास्तीत जास्त 315 कोटी होतात. हा पैसा जनतेचा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आमच्याकडून सातबारा घेतला, आठ-अ घेतला, बंधपत्र घेतलं, यंत्र विकणार नाही याची हमी घेतली. ज्याच्या खिशात शेवटी हे कोट्यवधी जाणार, त्या कंपनीकडून एवढी तरी हमी घेतली का, की बिघाड शोधायचं सॉफ्टवेअर मालकाला मिळेल? कोडची यादी मराठीत मिळेल? उद्यमनगरच्या मिस्त्रीला हात लावायची मुभा असेल? शेतकऱ्याला शंभर अटी, आणि कंपनीला शाल-श्रीफळ!

यांत्रिकीकरणाच्या एका कार्यक्रमात व्यासपीठावरून एका बड्या साहेबांनी शब्द दिला होता, हंगामात मशीन बंद पडली तर 24 तासांत इंजिनिअर फडात. टाळ्या आम्हीच वाजवल्या. ते 24 तास कोणत्या घड्याळातले, तेवढं त्यांना एकदा विचारून सांगा.

आमच्या भागात मशिनीवाले एकमेकांना भेटले की दुसरा विषय नसतो. दहातल्या चार मशिनी हंगामात कधी ना कधी सेन्सर नाहीतर सॉफ्टवेअरपायी उभ्या राहतात, असं ते सांगतात. आकडा चहाच्या टपरीवरचा आहे. चार पटत नसतील तर तीन धरा. तुमच्या खात्याकडं खरा आकडा असेल तर छापा की. अनुदान दिलेल्या मशिनी वर्षाला किती दिवस बंद होत्या, ही नोंद कुणी ठेवतं का? यंत्रासोबत फोटो काढायला मात्र अधिकारी न चुकता येतो.

कुणी म्हणेल, नवीन तंत्र गावंढळांच्या पचनी पडत नाही. हे कोल्हापूर आहे, साहेब. नावाजलेले कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं गाव. इथल्या फाउंड्रीत ओतलेलं आणि इथल्या लेथवर घडलेलं सामान देशभरातल्या गाड्यांत बसतं. 2019 ला आणि 2021 ला महापुरात बुडालेल्या मोटारी चिखलातून काढून, वाळवून, रिवाइंड करून याच हातांनी परत विहिरीवर बसवल्या. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात आणि उतरलं की मिटतात. पावसाळ्यात सगळा जिल्हा कितव्या नंबरचा दरवाजा उघडला ते बघत बसलेला असतो. त्या दरवाजांना कुणी पासवर्ड विचारत नाही. तेव्हा स्वयंचलित म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

धूर कमी व्हावा म्हणून नियम आले, 50 अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरला 1 जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 (धुराची नवी मर्यादा) लागू झालं, त्याबरोबर इंजिनात ईसीयू (इंजिनाचा संगणक) आला, सेन्सरांचं जाळं आलं. धुराच्या नियमाला माझा विरोध नाही, आमची पोरंही हीच हवा घेतात. पण धुराच्या नावाखाली सीटपासून कटरपर्यंत सगळं कुलूपबंद करा, असं कुठल्या नियमात लिहिलंय? डॉक्टरनं तपासलं, औषध दिलं, ताप उतरला, आणि तरी हॉस्पिटल म्हणतंय की आमच्या शिक्क्याशिवाय पेशंटनं उठायचं नाही, तसला हा प्रकार.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी 2022 च्या जुलैत समिती नेमली. शेती अवजारं त्यात पहिल्या चार क्षेत्रांत होती. त्याच डिसेंबरात पोर्टल निघालं. कायदा मात्र निघाला नाही. तिकडं अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं 2023 मध्ये कायदा केला आणि 1 जानेवारी 2024 पासून कंपन्यांना सुटे भाग, सॉफ्टवेअर, अवजारं आणि माहितीपुस्तिका शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मिस्त्रीला देणं भाग पाडलं. 2025 च्या जानेवारीत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं दुरुस्तीवरच्या मक्तेदारीपायी थेट जॉन डीअरला कोर्टात खेचलं. (माझी मशीन त्या कंपनीची नाही, उगाच कुणी अंगाला लावून घेऊ नये.) हजार-हजार एकरवाल्या गोऱ्या शेतकऱ्याला जे टोचतं, ते आमच्या गुंठ्यातल्या माणसाला टोचत नसेल, असं तुम्हाला वाटतं का?

ग्राहक आयोगात जा, असा सल्ला सगळे देतात. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाखांची, मशीन त्याच्या वरची. म्हणजे राज्य आयोग. तिथं कंपनीचा वकील पहिलं वाक्य हेच बोलणार, की यानं यंत्र व्यापारासाठी घेतलंय, हा ग्राहकच नव्हे. त्यात खरेदीच्या करारावर बारीक अक्षरात न्यायक्षेत्र परराज्यातलं छापलेलं. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच यावं म्हणून इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर लढा दिला, 18 ऑगस्ट 2025 ला ते सुरू झालं, आणि मी भांडायला परमुलखात जायचं!

आणि तुमची नवी खुळं तरी किती सांगावीत. मालवाहतुकीच्या ट्रॅक्टरला जीपीएस आणि ब्लॅक बॉक्स बसवण्याचा मसुदा केंद्रानं 2025 च्या जुलैत काढला. माझा ट्रॅक्टर कुठं उभा आहे हे दिल्लीला कळलं पाहिजे, तो का उभा आहे हे मला कळता कामा नये. राज्यानं महाॲग्री-एआय धोरण आणलं, 500 कोटींचं. उपग्रह सांगणार, उसाला पाणी कधी द्यायचं. द्या की. पण पिकलेला ऊस तोडायला उभी केलेली मशीन सीटवरचा माणूस ओळखत नाही, तिला आधी थोडी बुद्धिमत्ता द्या. यंत्रावरचा जीएसटी 2025 च्या सप्टेंबरात 12 वरून 5 टक्क्यांवर आणलात, त्याबद्दल आभार, खरंच आभार. सर्व्हिसच्या बिलावरचे 18 टक्के तसेच आहेत, म्हणजे घ्यायला स्वस्त आणि नांदवायला महाग. मशीनच्या उसाला पाचटापोटी वजनात कपात, ती वेगळीच. काट्यावर काय होतं त्यावर बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही.

उसाचं बिल 14 दिवसांत द्यायचं, नाहीतर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. पाळतात किती, ते प्रत्येक हंगामात दिसतंच. पण निदान लिहिलेलं तरी आहे, त्यावर बोट ठेवून भांडता येतं. मशीन किती दिवसांत चालू करून द्यायची, नाही दिली तर नुकसान कुणी भरायचं, याचा एक ओळीचा कागद या राज्यात नाही. बँकेला आहे. बँकेचे दिवस मोजून ठेवलेले आहेत.

माझं मागणं कर्जमाफीचं नाही. पुढच्या अनुदानाच्या शासन निर्णयात एक परिच्छेद वाढवा. जी कंपनी बिघाड शोधायचं आणि कोड पुसायचं साधन वाजवी किमतीत मालकाला देणार नाही, तिच्या यंत्राला सरकारी रुपया मिळणार नाही. सीटच्या सेन्सरसारखं सुरक्षेचं काही असेल तर त्यावर कंपनीचं लक्ष राहू दे, त्याला ना नाही. पण तुटलेली वायर जोडल्यावर मशीन चालू करायचा अधिकार मालकाचा. स्क्रीन मराठीत. नेट नसलं तरी चालणारी तपासणी. आणि हंगामात ठरलेल्या तासांत माणूस आला नाही तर दर दिवसाची भरपाई कंपनीच्या अनामतीतून. हे लिहायला समिती लागत नाही. शेती शाळेच्या मास्तरांना सांगितलंत तर दुपारपर्यंत लिहून देतील.

हे होणार नसेल तर तसं सही-शिक्क्यानिशी कळवा, मी बँकेला दाखवतो. आणि होणार असेल तर जयसिंगपूरच्या शेतकऱ्यांच्या ऊस परिषदेच्या आधी कळवा. त्या दिवशी मी मशीन ट्रेलरवर घालून मैदानात आणणार आहे. व्यासपीठावरून शब्द देणाऱ्या त्या साहेबांना पाठवा, येताना लॅपटॉप आणायला सांगा. सीटवर त्यांनाच बसवतो, संगणकाला ते तरी दिसतात का बघू.

आपला,
एक ऊस उत्पादक आणि हार्वेस्टरमालक (हप्ते फिटेपर्यंत नावापुरता),
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर.

ता. क. तक्रारीच्या पोर्टलवर हेच पत्र चढवायचा प्रयत्न केला. तुटलेल्या वायरीचा फोटो जास्त मोठा आहे म्हणून तो घेत नाही. फोटो टपालानं वेगळा पाठवला आहे.