कुंडीतल्या भाजीचं कोकणचं वेळापत्रक छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत घरच्या घरी कुंडीत भाजी लावायची माहिती येते ती मी कात्रणं काढून ठेवते आणि तसं करूनही बघते, पण मनापासून सांगायचं तर ते सगळं देशावरच्या हवेचं असतं, आमच्या रत्नागिरीला ते लागू पडत नाही. जूनमध्ये टोमॅटो-मिरची लावा असं वाचून मी गेल्या वर्षी गॅलरीत बारा रोपं लावली. पुण्याला अख्ख्या वर्षात 700-750 मिलिमीटर पाऊस, इथे चार महिन्यांतच 3000 च्या वर, त्यात वाऱ्याने झड आत येते, मग कुंडीत पाणी उभं राहणार नाही तर काय.

जुलैत एकेक रोप मान टाकायला लागलं. सकाळी हिरवंगार, दुपारी लोळलेलं, पान पिवळंसुद्धा पडलेलं नाही. मला वाटलं पाणी जास्त झालं. शेजारचे काका शेती खात्यातून रिटायर झालेत, त्यांनी एक खोड तिरकं कापून पाण्याच्या ग्लासात नुसतं धरून ठेवलं तर दोन-तीन मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधासारखी बारीक पांढरी धार खाली उतरायला लागली. जिवाणूंमुळे होणारी मर म्हणाले, आपली जांभ्याची आंबट माती आणि ही दमट हवा तिला फार मानवते, आणि एकदा लागली की औषध नाही. त्या मातीत परत वांगं, टोमॅटो, मिरची लावायची नाही, माठ नाहीतर चवळी लावायची. ही एवढी गोष्ट आधी कुठे वाचायला मिळाली असती तर माझी बारा रोपं गेली नसती हो.

आता मी पावसात वेलच लावते. शिराळी, कारली, काकडी, पडवळ, आपल्या आज्या मिरगाला मांडवावर चढवायच्या तेच, फक्त मांडवाच्या जागी खिडकीचं ग्रिल आणि 20 लिटरची रंगाची बादली, तळाला सात-आठ भोकं आणि त्यावर फुटक्या कौलांचे तुकडे. माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्याच मापाने घ्यायचं, मूठभर चुलीतली राख. खत एकदम घालायचं नाही, पावसाने सगळं धुवून जातं, आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं द्यायचं. दुसऱ्या मजल्यावर मधमाश्या कमीच येतात. शिराळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मी दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच लावते, मादी फुलाच्या मागे बोटभर कोवळं शिराळं असतंच त्यामुळे ओळखायला सोपं. हे करायला लागल्यापासून शिराळी गळायची थांबली. वांगी, मिरच्या, टोमॅटो, मुळा, कोथिंबीर हे सगळं पाऊस गेल्यावर, दसऱ्याच्या पुढे.

बियाण्याचंही तसंच आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कारल्याची कोकण तारा, शिराळ्याची कोकण हरिता अशा इथल्यासाठीच जाती काढल्यात, पण आमच्या बाजारात दुकानात मागितलं की बाहेरचं हायब्रीड पाकीट पुढे करतात, आणि नर्सरीत हापूसची कलमं आणि शोभेची झाडं, भाजीचं रोप विचारलं की नाही म्हणतात.

आमची भाजी सगळी घाटावरून येते. 2021 च्या जुलैत चिपळूणला पूर आला, आंबा घाट बंद पडला, तेव्हा चार दिवस घरात कांदे-बटाटे आणि कडधान्यं यावरच होतो, लहान मुलं असलेल्या घरांचे तर हालच. तेव्हा एक खिडकीभर वेल असता तरी उपयोग झाला असता.

म्हणून विनंती आहे की कोकण आवृत्तीत महिन्यातून एकदा तरी इथल्या पावसाचं, इथल्या मातीचं वेळापत्रक द्या, कुठल्या नक्षत्रात काय पेरायचं, कुठली जात, बी कुठे मिळेल, आणि ते दापोलीच्या जाणकारांकडूनच लिहून घ्या. मे महिन्यात पहिला लेख आला तर मिरगाच्या आधी बादल्या भरून ठेवता येतील.

आपली नम्र,
एक गृहिणी, रत्नागिरी