सातेरीसाठी बाग

पुणे, ४ सप्टेंबर

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

घरामागच्या जांभळाच्या ढोलीतली सातेरी मधमाश्यांची वसाहत गेली. इथे ज्यांना ज्यांना हे सांगितले त्यांनी "बरे झाले, पोरांना चावल्या असत्या" असेच उत्तर दिले, म्हणून तुला लिहायला बसलो. श्रावणातली झड थांबून उघडीप पडली तेव्हा ढोलीच्या तोंडाशी एकही माशी दिसेना. बॅटरी लावून पाहिले तर पोळी जागच्या जागी होती, पण त्यांत मध नव्हता, पराग नव्हता, अंडीही नव्हती. खाली मेलेल्या माश्यांचा खच नव्हता की मेणकिड्याची जाळी नव्हती, तेव्हा त्या उपासमारीनेच उठून गेल्या, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही.

आता योग असा की आमच्या सोसायटीने कुंपणालगतची सगळी पट्टी नव्याने लावायचे ठरवले आहे आणि झाडांची यादी माझ्याकडे मागितली आहे. रविवारी बैठक आहे. रोपवाटिकेवाल्याने आधीच दिलेल्या यादीत सोनेरी ड्युरांटाचे कुंपण, बोगनवेल, भरगच्च पाकळ्यांचे गुलाब आणि उरलेल्या जागेत लॉन आहे. दिसायला देखणे, पण माशीच्या दृष्टीने तो उजाड माळच. ड्युरांटाला फुलू दिले तर माश्या येतात, पण दर महिन्याला कात्री चालली की फूल धरणार कधी? बोगनवेलीचा रंग पानांचा. खरे फूल आत बारीक नळीसारखे, तिथवर मधमाशीची सोंड पोचत नाही. त्या गुलाबात तर पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, मग पराग कुठून मिळणार?

माझी खरी काळजी मात्र यापुढची आहे. "भरपूर फुले लावा, माश्या येतील" असे जो तो सांगतो, आणि त्या येतीलही. माघ-फाल्गुनात वसाहती फुटतात, शेवगा पांढरा होतो, पुढे जांभूळ आणि करंज फुलतात; त्या दिवसांत एखादी राणी आपला थवा घेऊन ढोलीत शिरेल, वैशाखापर्यंत मजेत राहील आणि आषाढ-श्रावणात पुन्हा रिकाम्या पोळ्यांवर बसेल. आपणच बोलावून आपणच उपाशी ठेवायचे, हे मला पटत नाही. म्हणून मी यादीची सुरुवात वसंतापासून न करता पावसाळ्यापासून केली आहे. कुंपणावर आइसक्रीम वेल, म्हणजे ती गुलाबी झुपक्यांची, जिच्यावर अण्णांच्या अंगणात फुलोरीचा, त्या छोट्या मधमाशीचा, दिवसभर गुंजारव असे. वाफ्यात काकडी, कडेला मक्याच्या दोन ओळी परागासाठी, आणि शेवगा, कारण तो पावसाळ्यातही दुसऱ्यांदा फुलतो. लिंबाचे आंबिया, मृग आणि हस्त असे तीनही बहार मिळाले तर त्याच्याइतके उपयोगी झाड नाही. पाऊस सरताना कारळा आणि तीळ, थंडीत थोडी कोथिंबीर न काढता फुलावर सोडलेली. शिवाय हे सगळे सुटे-सुटे न लावता ताटव्याने लावायचे, कारण माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते.

आणि तुळस. तुळशीची मंजिरी आली की खुडायची, ही इथल्या प्रत्येक घरची रीत. निदान निम्म्या मंजिऱ्या ठेवा, असे मी दारोदार सांगणार आहे. परवा शेजारच्या तुळशीवर एक फुलोरी बराच वेळ पाहिली. ती त्या इवल्या फुलाच्या खालच्या ओठावर उतरते, त्या ओठावरच पुंकेसर टेकलेले असल्यामुळे तिच्या पोटाला पराग लागतो, मग ती क्षणभर हवेत थांबून तो पायांनी झाडून मागच्या पायांवरच्या पिशवीत भरते आणि पुढच्या फुलावर जाते.

तू लगेच म्हणशील, "त्यापेक्षा मेलीफेराची, त्या युरोपीय मधमाशीची, पेटी आण." दिगंबरा, हा वाद आपण केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत प्रशिक्षण घेत होतो तेव्हापासून चालू आहे आणि मी अजूनही हरलेलो नाही. तुझी मेलीफेरा म्हणजे सरबराई मागणारी विहीण. मला इथली, ढोलीत आपली आपण राहणारी सातेरीच हवी. बागेच्या एका पट्टीवर अख्खी वसाहत जगत नाही, हे मला ठाऊक आहे. सातेरी साधारण एक किलोमीटरपर्यंत चरायला जाते, पण त्या परिघातली उणीव नेमकी पावसाळ्याची आहे आणि तेवढी तरी आपण भरून काढू शकतो.

दुसरी चिंता औषधांची. रोपवाटिकेतल्या रोपांना इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक घातलेले असले तर ते मुळांतून चढून मकरंदात आणि परागात उतरते. युरोपीय संघाने २०१८ साली उघड्यावरच्या पिकांसाठी त्यावर बंदी आणली. आमच्याकडे मात्र मावा दिसला की माळी पंप काढतो. त्यामुळे रोपे विकत न घेता बियांवरून आणि फांद्यांवरून करावीत आणि फवारणी टळणारच नसेल तर फुलांवर न करता, माश्या परतल्यावर तिन्हीसांजेनंतर करावी, एवढे दोन ठराव तरी बैठकीत मंजूर व्हावेत.

माझी प्रकृती ठीक आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. वहिनींच्या मोतीबिंदूचे काय ठरले? धाकटीचे दापोलीला नक्की झाले का? दोन्ही कळव.

मात्र त्याआधी हे कळव: लाजाळूचा पराग पावसाळ्यात मिळतो म्हणून ती एका कोपऱ्यात लावावी असे माझ्या मनात आहे, पण काट्यांमुळे मुलांच्या आया तक्रार करतील. तुझ्या बांधावर ती कितपत पसरते? आणि कारळ्याचे घरचे बी असेल तर पसाभर कुरिअरने धाड. पेरणीला आताच उशीर झालेला आहे, तेव्हा पत्र लिहिण्याआधी बी पाठवलेस तरी चालेल.

तुझा,
माधव