अकरा मिलिमीटर

सातारा, रविवार रात्र

सुमे,

आठ महिने फोन नाही, पत्र तर नाहीच. 'उपाशी राहून मरशील एक दिवस' म्हणालीस आणि मी फोन ठेवला, तो ठेवलाच. आज लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'अगं बाई!' म्हणून मोकळे होतील. तू हसशील. हस.

मला पित्ताशयात खडे झालेत.

तृप्तीच्या लग्नात पैठणीचा ब्लाऊज चढावा म्हणून चार महिन्यांत 14 किलो उतरवले ना? डॉक्टर म्हणाले, वजन असं धाडधाड उतरलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. पोटात तूप-तेलच जात नाही, मग पित्ताशय नीट रिकामं होत नाही. साचून साचून खडे धरतात. ब्लाऊज शेवटी उसवावाच लागला, ते वेगळंच.

होळीला पुरणपोळी तुपात बुडवून खाल्ली. रात्री उजव्या बरगडीखाली कळ आली, ती पार पाठीत, उजव्या फऱ्यापर्यंत. पित्त झालं समजून ग्लासभर थंड दूध प्यायले. म्हशीचं! स्निग्ध काही गेलं की ती पिशवी आणखी आवळते म्हणे. ह्यांना वाटलं हार्ट. ईसीजी चांगला निघाला. सोनोग्राफीत मात्र साबुदाण्यासारखे पांढरे दाणे, मागे काळी सावली. मोठा 11 मिलिमीटरचा.

शेजारच्या वहिनी रोज पानफुटीची पानं आणतात. मुतखडा नव्हे हो, किती सांगू!

दुखत नसते तर राहू दिले असते, पण एकदा दुखलं की पुन्हा दुखणार. एखादा बारका निसटून नळीत अडकला तर कावीळ, नाहीतर स्वादुपिंडाला सूज. म्हणून पिशवीच काढायची. पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरत राहतं, अडत नाही काही.

मला कळतंय गं सगळं. पण डोळ्यांपुढे आईच्या पोटावरचे ते 86 सालचे वीतभर टाके येतात. तू तर बघूनच चक्कर येऊन पडलीस, आणि आई टाके धरून तुलाच पाणी पाजत होती! दुर्बिणीतून हे ऑपरेशन आपल्याकडे पहिल्यांदा 1990 मध्ये झालं, मुंबईत जे. जे.ला, डॉ. उडवाडियांनी. आईचं चार वर्षं आधीच उरकलं. मला चार भोकं, दुसऱ्या दिवशी घरी.

मिहिरला नोकरी लागल्याचं कळलं, छान झालं. गुडघा कसाय?

मंगळवारी ॲडमिट होतेय. ये. 'मी सांगितलं होतं' म्हणायचंच असेल, तर भूल उतरल्यावर म्हण.

तुझी,
मंदी