गोधडीच्या कोपऱ्यात तुझं नाव

ती. आई-बाबांना सा. न.

आई, आधी एक कबूल करते. गोधडी मी लॉन्ड्रीत दिली होती. तू नको म्हणाली होतीस, घरीच टबात भिजव म्हणाली होतीस, पण ती भिजल्यावर मला एकटीला उचलेना, त्यात बंगळुरूचा पाऊस, चार दिवस बाल्कनीत वाळेना आणि कुबट वास यायला लागला म्हणून शेवटी दिली. आणि ती दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी गेली. ११ दिवस. दुकानात विचारत होते काही खूण आहे का, नाव आहे का, आणि मी आपली सांगत बसले की हिरव्या इरकलीचे काठ आहेत, मधे आजीचं जांभळं लुगडं आहे. मिळाली गं, सुखरूप आहे, एक टाका उसवलेला नाही. पण ते ११ दिवस कसे गेले ते माझं मला माहीत, आणि तेव्हाच ठरवलं की हिच्यावर नाव पाहिजे. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. लावून टाकलंय.

गोधडीवर कोण नाव घालतं, असं म्हणशील. पण भांड्यांवर घालतोच ना आपण? तुझ्या रुखवतातल्या पातेल्यांवर नाव, तारीख सगळं कोरलेलं आहे, आणि ती तर विकत आणलेली. जी तू चार महिने मांडीवर घेऊन काठापासून धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत आणलीस तिच्यावर काहीच नको?

कापड नवीन नाही घेतलं. बाबा, तुमचा रिटायरमेंटचा पांढरा शर्ट, कॉलर विरलेला, त्याचा मागचा खालचा घेर घेतला. इतका धुतलाय की आता आटायचा प्रश्नच नाही आणि मऊ तर असा की पायाला लागला तरी कळणार नाही. आधी एका चिंधीवर बॉलपेनने लिहून धुऊन बघितलं, सगळी निळी शाई पसरली. म्हणून मग भरायचंच ठरवलं.

आई, तुझी शाळेतली शिवणाची वही माझ्याकडे आहे. ट्रंकेतून मीच आणली मागच्या खेपेला, रागावू नकोस. धावदोरा, टीप, साखळी, काजं, सगळे नमुने अजून जसेच्या तसे आहेत, आणि पहिल्या पानावर तुझ्या अक्षरात 'सुमन, इयत्ता ९ वी'. ते पान खिडकीच्या काचेला धरलं, वर कापड ठेवलं, उजेडात अक्षरं खालून दिसतात, ती पेन्सिलने गिरवली. मग लाल दोऱ्याच्या ६ पदरांतले २ काढून टीप घातली. तुझ्या 'स'ची शेपटी जशी लांब जाते तशीच आलीय. लाल रंग जाईल म्हणून दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघितला, गेला नाही.

बाबा, मनाला लावून घेऊ नका. खालच्या ओळीत 'वैशाली' पण आहे, तुम्ही फोटो पाठवलेल्या बँकेच्या फॉर्मवरच्या सहीवरून. त्याखाली फलटण आणि १९९८. लग्नात नाव बदललं ते आजीच्या हौसेने, मी काही उकरून काढत नाहीये, पण टाका घालायला जी शिकली ती सुमन होती, म्हणून ते वर. आणि कापड तुमचंच आहे की.

नावाच्या पट्टीच्या कडा पाव इंच आत दुमडून इस्त्री केली, पायाकडच्या कोपऱ्यात उलट्या बाजूने कच्चे टाके घालून बसवली, मग बारीक तुरपाई. सुई फक्त खालच्या कापडाचे दोन धागे उचलते, सुलट बाजूला काही दिसत नाही. तुझे टाके मी एकही कापला नाही, खरंच. करताना तुझ्या मांडीवरच्या त्या गोधडीखाली शिरून झोपायचे ते आठवत होतं, वरून सुईचा टक टक आवाज यायचा आणि तू म्हणायचीस हलू नको, टोचेल.

आता ऐक. गोधडीबरोबर ६ पट्ट्या पाठवतेय, कापून, दुमडून, आणि न पसरणाऱ्या शाईचं पेन. ट्रंकेतल्या बाकीच्या गोधड्यांवर तूच तुझ्या हाताने लिही, कुणासाठी केली आणि कुणाचं लुगडं ते पण लिही, आमच्यापैकी कुणालाच आता नीट आठवत नाही. शाई पूर्ण वाळल्यावर उलटीकडून इस्त्री फिरवायची. पण तुरपाई सकाळच्या उजेडातच करायची, रात्री ट्यूबखाली अजिबात नाही. बाबा, रोज चहानंतर ५-६ सुया ओवून तिच्याजवळ ठेवा. आणि आईसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मी घेतलीय, मोतीबिंदू पिकायची वाट हल्ली बघावी लागत नाही, शेजारच्यांचं ऐकत बसू नका. मी रजा टाकलीय, सोबत असेन, डोळ्यात औषध मीच घालेन, स्वयंपाकाचं पण बघेन.

गोधडी थंडीभर तुमच्याकडेच राहू दे. संक्रांतीला आले की घेऊन जाईन. आणि पार्सल आलं की कात्री चालवू नका, नुसती टेप ओढा, गोधडी अगदी वरच आहे.

तुमची,
छकुली