आई, ओमचा पंप बंद करू नकोस

लंडन, १८ जानेवारी

ती. आई व बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर वहिनीने सांगितलं की ओमचा दम्याचा पंप बंद केलाय. आई, तुझी काळजी मला कळते. एवढ्याशा पोराने रोज सकाळ-संध्याकाळ औषध ओढायचं, आल्यागेल्याने विचारायचं 'एवढ्यात दमा?', आणि शेजारपाजारच्यांनी सांगायचं की पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही. ओम तिथेच बसून ऐकत होता म्हणून मी फोनवर काही बोलले नाही. पण हा विषय पुढच्या रविवारपर्यंत ठेवण्यासारखा नाही. वाचून झालं की दादाला दे, आणि फोटो काढून बांद्याला काकांनाही पाठवायला सांग. त्यांची नातही हिवाळाभर खोकत असते.

आधी पंपाचं. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. थोडी धूळ, थोडा धूर, थोडी थंडी लागली की त्या आवळतात आणि छातीत घरघर सुरू होते. ओमला दोन पंप दिलेत. एक रोजचा, तो सूज उतरवतो. दुसरा धाप लागल्यावर घ्यायचा, तो आवळलेली नळी काही तास मोकळी करतो. तू म्हणालीस, आता बरा आहे म्हणून रोजचा थांबवला. आई, तो बरा आहे तो त्या रोजच्या पंपामुळेच. बंद केल्यावर लगेच काही होत नाही, आठवडा-दोन आठवडे मुलगा छान हसतो-खेळतो. तोवर आत सूज हळूहळू चढत असते, आणि मग एखाद्या रात्री सगळं एकदम अंगावर येतं. अशी मुलं मी वॉर्डात नेहमी बघते. त्यांच्या घरच्यांनीही प्रेमापोटीच औषध थांबवलेलं असतं.

सवय लागत नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट छातीत जातं. त्याच जातीचं औषध गोळी किंवा सिरपमधून घेतलं तर कितीतरी जास्त लागतं आणि सगळ्या अंगात फिरतं. डोस कमी करायचा असेल तर तो डॉक्टर करतील, घरी आपण नाही. पंप स्पेसर, म्हणजे ती पोकळ नळी, लावूनच द्यायचा, नाहीतर बरंचसं औषध घशालाच चिकटतं. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायला लाव, म्हणजे तोंड येणार नाही. तुळशीचा काढा, हळदीचं दूध द्यायचं तर दे, पण पंपाच्या जागी नको. वाफारा मात्र नको. त्याने दमा उतरत नाही, आणि उकळतं पातेलं उलटून भाजलेली मुलं मी पाहिली आहेत. गुळाने छातीतली धूळ निघते असं बाबा म्हणतात. गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही.

आता हे त्याला झालं कशामुळे? तू म्हणतेस पोर मुळातच नाजूक आहे. तसं असतं तर बाराही महिने खोकला असता. आठवून बघ, श्रावणात दामोदराच्या सप्ताहात दादाच्या खांद्यावर बसून पावसात भिजत फिरला, तरी छाती साफ होती. पाऊस गेला, हवा कोरडी झाली, की हा सुरू होतो. पावसात हवेतले कण धुऊन खाली बसतात. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, वर उठत नाही, आणि धूर-धूळ माणसाच्या नाकाच्या उंचीवरच कोंडून राहते. दिवसा खारा वारा सुटला की बंदराच्या बाजूची हवा गावाकडे येते. वास्कोत हे कुणाला सांगायची गरज नाही. मुरगाव बंदरात परदेशातून कोळसा उतरतो आणि कुळे, कॅसलरॉकवरून रेल्वेच्या वाघिणींनी कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. धुळीची तक्रार गावात कितीतरी वर्षं चालू आहे.

पण घरात पायाच्या तळव्यांना जे काळं लागतं त्यात कोळसा किती, ट्रकचा धूर किती, रस्त्याची माती किती, हे घरात बसून सांगता येणार नाही. आणि मला त्या काळ्याइतकीच, किंबहुना जास्त, भीती न दिसणाऱ्या कणांची वाटते. मोठी धूळ नाकात, घशात बरीचशी अडकते. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पटींनी बारीक असतात. ते फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोचतात, आणि त्यातले सर्वांत सूक्ष्म रक्तातही उतरतात. डिझेलचा धूर, जाळलेला कचरा, चूल, कोळसा, सगळ्यांतून ते निघतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडे कायद्याने ६० पर्यंत चालतं. म्हणजे फोनवर हवेची प्रत 'समाधानकारक' दिसली तरी ओमसारख्या मुलाला ती हवा बाधू शकते.

मी राहते त्या भागातून साउथ सर्क्युलर नावाचा मोठा रस्ता जातो. त्या रस्त्यापासून काही मीटरांवर एला अडू-किस्सी-डेब्रा नावाची मुलगी राहायची. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांत पंचवीसहून जास्त वेळा हॉस्पिटलात भरती झाली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये गेली. नऊ वर्षांची होती. तिची आई रोझामंड शिक्षिका. ती वर्षानुवर्षं झगडली, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निर्णय दिला की या मृत्यूला हवेच्या प्रदूषणाचा हातभार होता. या देशात असं कारण मृत्यूच्या नोंदीत पहिल्यांदाच लिहिलं गेलं. निर्णयात आणखी एक गोष्ट होती, ती माझ्या डोक्यातून जात नाही. प्रदूषणाने दमा वाढतो हे तिच्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर तिने काही पावलं उचलली असती आणि मुलगी कदाचित वाचली असती. म्हणून आई, मी तुला सगळं सांगणार. तुला कंटाळा आला तरी सांगणार.

घरात काय करता येईल ते आता लिहिते. सर्वांत आधी ती संध्याकाळी लावतेस ती मच्छर कॉइल बंद. एक कॉइल पूर्ण जळताना पीएम २.५ इतकं सोडते की त्याची तुलना ७५ ते १३७ सिगारेटींशी केलेली आहे. ओमच्या पलंगाखाली ती रात्रभर जळते! बांद्याच्या माळ्यावर जुन्या मच्छरदाण्या आहेत, त्यातली एक धुऊन आणा. देवापुढे समई लाव, पण अगरबत्ती एकच आणि ओम बाहेर असताना. शुक्रवारचा धूप अंगणात फिरव. देवाला यात काही कमी पडणार नाही.

बांगडे तळताना जो धूर होतो तोही हवेतलाच भाग आहे. एक्झॉस्ट पंखा लाव, स्वयंपाकघराचं दार लोटून घे, ओमला ओट्यापाशी उभा करू नकोस. केरसुणीने कोरडं झाडणं बंद कर. सगळं परत हवेत उडतं आणि तास-तासभर खाली बसत नाही. ओल्या फडक्याने पूस. बंदराच्या बाजूची खिडकी दुपारी वारा असताना बंद ठेव आणि मागची उघड. चोवीस तास बंद घरही बरं नव्हे. दादा हवा शुद्ध करणारं मशीन घ्यायचं म्हणत होता. घ्यायचंच तर बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचं घे, ओम झोपतो त्या खोलीच्या मापाचं, आणि ते चालू असताना दार-खिडकी लावून ठेव. ओझोन हा छातीला त्रास देणारा वायू सोडणारी मशीनं येतात, ती फुकट दिली तरी नकोत. कुंड्यांतल्या झाडांनी खोलीतली हवा शुद्ध होते हे खरं नाही. झाडं आवडतात म्हणून ठेव, औषध म्हणून नको.

शाळेत जाताना दादा त्याला स्कूटरवर पुढे उभा करतो आणि मुख्य रस्त्याने ट्रकच्या मागे मागे जातो. आतल्या वाडीच्या रस्त्याने गेलं तर पाच मिनिटं जास्त लागतील, पण धूर पुष्कळ कमी लागेल. तोंडाला रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत. मास्क लावायचा तर एन-९५, आणि तोही मुलाच्या मापाचा, कडेने फट न राहणारा. पण धाप लागलेली असताना मास्क लावून चालवत नेऊ नका.

बाबा, आता तुमचं. तुम्हाला वाटत असेल हे सगळं नातवापुरतं आहे. रक्तदाब आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला हेच कण आणखी वेगळ्या वाटेने छळतात. रक्तवाहिन्यांना सूज आणतात, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढवतात. हवा खूप वाईट झाल्यावर पुढच्या काही तासांत, एक-दोन दिवसांत हृदयविकाराचे झटके वाढलेले दिसतात. पक्षाघाताचंही तसंच. तुमचं पहाटेचं फिरणं थांबवू नका, पण हायवेच्या कडेने नको. ऊन थोडं वर आल्यावर आतल्या रस्त्याने जा. आणि बांद्याला गेलात की पानगळ गोळा करून जाळता, ते कृपा करून सोडा. माडाच्या मुळाशी खड्डा करून कुजवा, उत्तम खत होईल. न्हाणीतल्या चुलीत पेटवायला प्लास्टिकची पिशवी टाकायची सवय आहे ना घरात, ती तर आजच्या आज बंद.

हे सगळं केलं तरी निम्मंच काम झालं, हेही मला लिहायलाच हवं. लंडनमध्ये १९५२ च्या डिसेंबरात पाच दिवस कोळशाच्या धुराचं असं धुकं बसलं की माणसाला स्वतःचे पाय दिसेनात. तेव्हा चार हजार माणसं गेली असं धरलं होतं, पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. सरकार सुरुवातीला फ्लूकडे बोट दाखवत होतं. १९५६ मध्ये कायदा झाला आणि घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्या हळूहळू गेल्या. घरोघरी खिडक्या लावून तो धूर गेला नव्हता. आता २०२३ पासून सगळ्या लंडनभर जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्यांना रोज साडेबारा पौंड भरावे लागतात. लोकांनी आरडाओरडा केला, अजून करतात, आणि ज्यांच्याकडे नवी गाडी घ्यायला पैसे नाहीत त्यांचा राग मला समजतो. तरीही रस्त्यावरची हवा सुधारली आहे.

गोव्यातही लोक गप्प बसलेले नाहीत. २०२० च्या नोव्हेंबरात कोळशाची वाहतूक वाढेल म्हणून रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला लोक रात्रभर रुळांवर जमले होते. पणजीत स्मार्ट सिटीच्या खोदकामाच्या धुळीचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये न्यायमूर्तींनी स्वतः येऊन शहर पाहिलं. झाकलेल्या सरकत्या पट्ट्यावरून कोळसा हलवणं, ढिगांवर पाण्याचा फवारा, वाऱ्याला अडवणाऱ्या उंच जाळ्या, वाघिणींवर घट्ट ताडपत्री, रस्ते पाण्याने धुणं, या माहीत असलेल्या गोष्टी आहेत. त्या रोज होतात का, हे विचारत राहायला लागतं. दादा, तू या लोकांत जात नाहीस कारण नोकरी बंदरातलीच. मी तुला भरीस घालणार नाही. पण शाळेच्या पालकसभेत एवढं तरी मांड की शाळेच्या फाटकासमोर बसेसनी इंजिनं चालू ठेवून उभं राहू नये आणि मागे कचरा जाळू नये. त्यात कुणाची नोकरी जात नाही.

आता लगेच करायचं ते. उद्या सकाळी रोजचा पंप परत सुरू करा आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पंप किती दिवस बंद होता ते खरं सांगा, ते रागावणार नाहीत. रात्री खोकल्याने उठतो का, खेळताना मध्येच बसतो का, धापेचा पंप आठवड्यात कितीदा लागला, हे वहिनीने कॅलेंडरवर लिहून ठेवावं. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली, एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले, किंवा धापेच्या पंपाचा आराम चार तासही टिकेना, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि पंप देत देत चिखलीच्या हॉस्पिटलात न्या.

आणि ओमला बांद्याला पाठवून द्यायचा विषय तू काढला होतास. सुट्टीत जाऊ दे, खुशाल जाऊ दे, पंप बरोबर देऊन. पण शाळा, आई-बाप सोडून त्याला तिथे ठेवू नका. तिथे न्हाणीतली चूल आहेच, आणि दमा गावाची वेस ओळखत नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की त्यांनी लिहिलेल्या कागदाचा फोटो मला पाठवा. माझी रात्रपाळी गुरुवारपर्यंत आहे, तुमच्याकडे दुपारी दोननंतर कधीही फोन केलात तर मी उचलेन.

तुमची,
मनू