लान्सरला मागचा बार घालण्याआधी

मुलुंड, मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी मित्सुबिशी लान्सर गाडी विकायचा विचार सोडलास हे वाचून खूप बरं वाटलं. 1998 साली हिंदुस्तान मोटर्सने तिरुवल्लूरच्या कारखान्यातून ती आणली, तीच मुळी मागे मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाकाला अनेक दांड्यांनी धरणारं) घेऊन. ते सस्पेन्शन धड असेल तर घाटात ही गाडी आजही कुणाला हार जात नाही. तिच्यावर पैसे घालायला मला कधीच जड वाटलं नाही.

तू विचारलंयस, पुढेमागे दोन्हीकडे जाड अँटीरोल बार, म्हणजे डावं-उजवं चाक जोडून वळणात गाडीचं झुकणं रोखणारी पोलादी दांडी, टाकू का. पुढच्याला हात लावू नकोस. फक्त मागचा बघ, आणि तोही एकच पायरी जाड.

वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जाणार ते वेग, वळण, गाडीची उंची आणि दोन चाकांतलं अंतर यांवर ठरतं. बार टाकून ते कमी होत नाही. बारमुळे झुकणं कमी होतं, आणि त्या सरकलेल्या वजनातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा, किती मागच्या, याची वाटणी बदलते. आपल्या गाडीत इंजिनाचं ओझं पुढे, ओढायचं काम पुढे आणि वळवायचंही पुढेच. म्हणून जोरात वळवली की नाक बाहेर पळतं. पुढचा बार कडक केलास तर पुढच्या बाहेरच्या टायरवर आणखी भार येईल आणि नाक जास्तच पळेल. मागचा कडक केला की मागची जोडी जास्त वाटा उचलते, पुढच्या दोन्ही टायरना काम वाटून मिळतं आणि गाडी स्टिअरिंगचं ऐकायला लागते.

दुकानात तुला सांगतील, दोनच मिलिमीटरचा तर फरक आहे, जाडच घ्या. ऐकू नकोस. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. समज, 16 मिमीच्या जागी 18 चा घातलास, तर तो साठ टक्क्यांनी कडक झाला. 20 चा घातलास तर जवळजवळ अडीच पट! पोकळ बारही मिळतात. बाहेरून 22 आणि आतून 14 मिमीचा बार भरीवापेक्षा चाळीस टक्के हलका असतो, कडकपणा मात्र साधारण सोळाच टक्क्यांनी कमी. चीज चांगली आहे, पण आपल्या खाऱ्या हवेत टोकं नीट बंद केलेली असतील तरच घे. व्हाइटलाइनसारख्या ऑस्ट्रेलियन कंपनीचे किंवा जर्मन आयबाखचे बार मागवणारे लोक आहेत. तुझ्या नेमक्या मॉडेलला बसतो याची लेखी खात्री झाल्याशिवाय पैसे पाठवू नकोस. टोकाला दोन-तीन भोकं असलेला बार मिळाला तर उत्तम. सगळ्यात बाहेरच्या भोकात लिंक (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) लावली की बार सगळ्यात मऊ चालतो, आतल्या भोकात कडक. तू बाहेरच्यापासून सुरुवात कर.

मी मऊपणाचा एवढा आग्रह धरतोय तो मुंबईमुळे. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली तर बार बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या रबरी तुकड्यात, नुसता फिरतो, काहीच त्रास देत नाही. पण आपले खड्डे एका चाकाखालीच येतात. मग एका चाकाचा दणका बारमधून दुसऱ्या चाकाला जातो आणि मागे बसलेल्या आईच्या कमरेला कळतो. त्यात पावसाळा. मेट्रोच्या कामावरचे ओले लोखंडी पत्रे, गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक, जे. जे. पुलावरची वळणं. मागचा बार फार कडक असेल आणि अशा ठिकाणी वळणात एकदम ॲक्सिलरेटर सोडलास, तर मागचं टोक बाहेर येतं. सावरायला आपल्या गाडीत ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) नाही, सगळं तुझ्या हातात. म्हणून बार निवडताना घाटाआधी जुलै महिना डोळ्यांसमोर आण.

आता खरं काम. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत बारचा नंबर शेवटी लागतो. आधी टायर, मग शॉकअप, मग सगळे बुश. गळका शॉकअप आणि सैल लोअर आर्म (चाकाला खालून धरणारी दांडी) ठेवून बार घातलास तर पैसे पाण्यात. मग बारचे ब्रॅकेट जिथे बसतात तो पत्रा तारेच्या ब्रशने खरवडून, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. खणखणीत आवाज आला पाहिजे. भदभद वाजला तर आधी पत्र्याचं काम; जाड बार तिथे जास्त जोर लावतो आणि गंजका पत्रा फाटतो.

माझ्या गाडीला हे काम भांडुपच्या गॅरेजवाल्या काकांनी केलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी बोल्टवर तेल मुरत ठेवलं. सकाळी सॉकेट लावून आधी बोल्ट किंचित आवळायच्या दिशेने दाबला, कट्ट आवाज आला, मगच उलटा फिरवला. पुन्हा थोडा आत, पुन्हा बाहेर. लाल भुकटी खाली पडत होती आणि काका घाई करत नव्हते. जुना बुश हातात आला तेव्हा त्याचं गोल भोक चक्क लांबट झालेलं होतं, आणि बारवर त्या जागी चकचकीत खाच पडली होती. खड्ड्यात येणारी ती खटखट तिथूनच होती.

नवे बुश रबराचे घे की पॉलियुरेथेनचे, दोन्ही चालतील. पॉली जास्त घट्ट धरतो, पण सिलिकॉन ग्रीस न लावता बसवलास तर कुरकुर करत राहील. रबराला साधं ग्रीस लावायचं नाही, ते फुगतं. लिंकचा नट आवळताना आतला स्टड सोबत फिरायला लागतो. त्याला ॲलन कीने धरायचं. आणि हे विसरू नकोस: शेवटचं आवळणं गाडी चारी चाकांवर उभी असतानाच करायचं. एक बाजू जॅकवर असताना आवळलं तर बार पिळलेलाच राहतो आणि एका बाजूचं वळण दुसऱ्यापेक्षा वेगळं लागतं. शे-दोनशे किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा तपासून घे.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीत नोंदलेल्या, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही. तुझी गाडी पंधरा वर्षं ओलांडून गेलेली, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला न्यावी लागणार. आरटीओत आधी विचार, विमावाल्यांनाही लेखी कळव. बदल नकोच असं ठरलं, तर मूळ मापाचा बार, नवे बुश आणि नव्या लिंक एवढं कर. निम्म्याहून जास्त मजा त्यातच परत येते, हे मी मनापासून सांगतोय.

माझी गाडी आता फ्रीवेवरून उतरताना एकदाच झुकते आणि तिथेच थांबते. पूर्वी झुकायची, मग दुरुस्त करावी लागायची, मग पुन्हा झुकायची. बाबा शेजारी बसून काही बोलत नाहीत, पण वरचं हँडल धरायचं त्यांनी सोडलंय.

या रविवारी गाडीखाली जा. मागे बार आहे का बघ, असेल तर गंज खरवडून व्हर्नियरने तीन ठिकाणी माप घे, आणि ब्रॅकेटच्या जागांचे फोटो पाठव. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मी जुन्या मूळ बारचे आणि लिंकचे भाव काढून ठेवतो. गणपतीनंतर काका मोकळे असतात, तेव्हाच गाडी घेऊन ये. दोन दिवस आमच्याकडेच राहा.

वहिनींना नमस्कार, काका-काकूंना साष्टांग.

तुझाच